तीन मृत्युशय्या आणि एक डॉक्टर

दयामरणाची चर्चा आपल्याकडे बहुधा न्यायालयाच्या एखाद्या निकालानंतर सुरू होते आणि वृत्तपत्रांतील वाचकांची पत्रे थांबली की विझून जाते. डॉक्टरांना काय वाटते, असा प्रश्न त्या चर्चेत हटकून विचारला जातो. पण विचारण्याची रीत अशी, की जणू डॉक्टर म्हणजे मतपेटीत टाकायची एक चिठ्ठी आहे : अनुकूल की प्रतिकूल, एवढेच सांगा. गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील, वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणारी सहा मुलेमुली आमच्या ओटीवर जमली होती, तेव्हा मीही तीच चूक केली. चौघांनी चटकन 'अनुकूल' म्हटले. एकाने, बहुधा मला बरे वाटावे म्हणून, 'प्रतिकूल' म्हटले. इंटर्नशिप करणारी एक मुलगी तेवढी गप्प राहिली. तिला पुन्हा विचारले तेव्हा ती म्हणाली, ''फादर, कोणाच्या बाबतीत?''

या उलट प्रश्नाने मला सेमिनरीच्या ग्रंथालयात वाचलेली एक कादंबरी आठवली. मी ती पुन्हा मिळवून वाचली. तीविषयी लिहावे असे वाटण्याचे कारण हेच, की दयामरणाबाबत डॉक्टरांची वृत्ती कशी घडते, कशी पालटते, हे तिने जितके प्रामाणिकपणे दाखविले आहे तितके मला अन्यत्र क्वचितच आढळले.

रॉजे मार्तँ द्यु गार (१८८१–१९५८) हा फ्रेंच लेखक आपल्याकडे फारसा वाचला गेलेला नाही. 'ले तिबो', म्हणजे 'तिबो कुटुंब', ही त्याची आठ भागांची कादंबरी १९२२ ते १९४० या काळात प्रसिद्ध झाली. १९३७ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः हिच्यामुळे. कॅथलिक घरात वाढलेला, कॅथलिक शाळेत शिकलेला आणि तरुणपणी श्रद्धेपासून दूर गेलेला असा हा लेखक. मार्सेल एबेर हे धर्मगुरू त्याचे शिक्षक व पुढे जिवलग स्नेही. तेही अखेर ख्रिस्तसभेपासून दुरावले. असे असूनही धर्माची टवाळी करण्याचा मोह त्याने आवरला आहे. त्याच्या कादंबरीतील धर्मगुरू मूर्ख नाही आणि नास्तिक डॉक्टर संत नाही. आपल्या बाजूच्या पुष्कळ लेखकांना हा तोल साधत नाही, हे कबूल केले पाहिजे.

कादंबरीतील थोरला भाऊ अँत्वान तिबो हा पॅरिसमधील डॉक्टर. लहान मुलांचे आजार हा त्याचा खास विषय. बुद्धिमान, कामसू, स्वतःवर थोडा खूश, देवावर विश्वास नसलेला. वडील ऑस्कार तिबो हे धनाढ्य, कर्मठ, समाजात वजन असलेले कॅथलिक गृहस्थ. वाट चुकलेल्या मुलांसाठी त्यांनी क्रुई येथे सुधारगृह काढले आहे आणि धाकट्या मुलाला, जाकला, त्यांनी काही काळ तिथेच डांबून ठेवले होते. (फलकावर नाव कोरलेले असे दानशूर सद्गृहस्थ ओळखायला आपल्याला फ्रान्सला जावे लागणार नाही.)

अँत्वानसमोर मरणाचा प्रश्न तीनदा येतो. तिन्ही वेळा हातात सुई आहे आणि तिन्ही वेळा तो वेगळे वागतो.

पहिली शय्या एका तान्ह्या मुलीची. १९२८ साली प्रसिद्ध झालेला चौथा भाग अँत्वानच्या व्यवसायातील एका दिवसावर बेतलेला आहे. एके नावाच्या एका शल्यविशारद मित्राची मुलगी मरणपंथाला लागली आहे. आशा उरलेली नाही, यातना मात्र चालू आहेत. बाप स्वतः डॉक्टर असल्यामुळे त्याला खोटा धीरही देता येत नाही. स्टुडलर नावाचा सहकारी अँत्वानला गाठतो आणि हे संपवून टाकावे असे आडपडदा न ठेवता सुचवितो. अँत्वान नकार देतो. जिवाविषयीचा आदर म्हणून काही आहे, ही सीमा आपण ओलांडायची नाही, असे त्याचे म्हणणे. पण लेखक त्याला एवढ्यावर सोडत नाही. त्याच रात्री अँत्वान एकटा असताना स्वतःलाच विचारतो, की आपण हे जे कर्तव्य म्हणून करतो ते कोणाच्या आज्ञेने? देव त्याला मान्य नाही, समाजाच्या रूढीला तो भीत नाही, आणि विज्ञान तर 'असे करू नकोस' असे कुठेच म्हणत नाही. उत्तर मिळत नाही. प्रश्न तसाच ठेवून तो झोपी जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागतो.

इथे आपल्यापैकी एखाद्या वक्त्याने टाळी घेतली असती : पाहा, देव नाकारला की नीतीला पाया उरत नाही! मला असे वाटते, की लेखकाचे निरीक्षण याहून खोल आहे. पाया सापडत नसतानाही अँत्वान त्या दिवशी योग्य तेच वागला. आपल्या धर्मशिक्षणात सदसद्विवेकबुद्धीविषयी जे शिकविले जाते, की तो नियम माणसाच्या हृदयातच लिहिलेला आहे, त्याचे इतके सरळ उदाहरण एका अश्रद्ध लेखकाने दिलेले आहे. मात्र ज्या आवाजाला नाव नाही तो थकव्यापुढे किती काळ टिकेल, हाही प्रश्न त्याने पेरून ठेवला आहे.

दुसरी शय्या वडिलांची. 'पित्याचा मृत्यू' हा सहावा भाग १९२९ साली निघाला आणि माझ्या मते साऱ्या कादंबरीचे शिखर तोच होय. मृत्यूचे गंभीर नाटक वठविण्यात म्हाताऱ्या तिबोने आयुष्य घालविले; पण आपण खरोखरच मरणार आहोत हे उमगताच त्याची पाचावर धारण बसते. आबे वेकार हे त्याचे धर्मगुरू त्या भयापाशी जाऊन बसतात. ही काही पाने प्रत्येक सेमिनरीत वाचून दाखवावीत अशी आहेत. आबे गोड बोलत नाहीत. मरणे हे काम तुझे आहे आणि ते तुलाच करायचे आहे, असे ते जवळजवळ कठोरपणे त्याला स्वीकारायला लावतात. म्हातारा शांत होतो. घरच्यांचा निरोप घेतो. एखाद्या सामान्य लेखकाने इथे घंटानाद करून पडदा पाडला असता.

पण शरीर मरायला तयार नसते. मूत्रपिंडे निकामी झालेली, अंगात विष भिनलेले, झटक्यांमागून झटके. दिवस आणि रात्री. तीन वर्षे बेपत्ता असलेल्या जाकला अँत्वानने स्वित्झर्लंडमधून शोधून आणले आहे. बाप त्याला ओळखण्याच्या पलीकडे गेला आहे. दोघे भाऊ मिळून त्या अवजड देहाला उचलतात आणि कोमट पाण्याने स्नान घालतात. ज्या बापाला त्यांनी आयुष्यात कधी मिठी मारली नसेल त्याचे नग्न, सुजलेले शरीर त्यांच्या हातांवर आहे. म्हाताऱ्याला क्षणभर उतार पडतो. भ्रमात त्याला लहानपणीचे कसलेसे गाणे आठवते. मग पुन्हा झटके. अखेर अँत्वान मॉर्फिनची सुई भरतो. अशा मूत्रपिंडांना ते औषध सोसणार नाही, हे त्याला डॉक्टर म्हणून ठाऊक आहे. किंबहुना म्हणूनच तो ते देतो. जाकला सारे कळते. भावाला तो दोष देत नाही.

हा भाग वाचताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली व ती मी विद्यार्थ्यांनाही सांगितली. लेखकाने अँत्वानच्या बाजूने एकही युक्तिवाद मांडलेला नाही. त्याने फक्त पाने वाढविली आहेत. झटके येतात, ओसरतात, पुन्हा येतात. वाचकाला वाटते आता संपेल, आणि संपत नाही. हळूहळू वाचक स्वतःच थकतो. सुई बाहेर येते तेव्हा आपल्या तोंडून सुटकेचा निःश्वास बाहेर पडतो आणि मग ध्यानात येते, की आपण संमती देऊन बसलो आहोत. ही संमती कोणाच्या दुःखासाठी होती? म्हाताऱ्याच्या की आपल्या? अँत्वानलाही ते सांगता येणार नाही. जे दुःख रुग्णाचे आहे आणि जे पाहणाऱ्याचे आहे, त्यांची वाटणी मध्यरात्री तीन वाजता, चार दिवसांच्या जागरणानंतर, कोणाला करता येते?

आता मला माझ्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. कारण या प्रकरणातील सुई मी माझ्या हातून एकदा अडविली आहे. १९९९ सालची गोष्ट. नुकताच धर्मगुरू झालो होतो. एका वृद्ध बाईंना हाडांत पसरलेला कर्करोग होता. मुलाने येऊन विचारले, ''फादर, डॉक्टर मॉर्फिन द्यायचं म्हणतात. आईचं आयुष्य त्यानं कमी झालं तर आम्हांला पाप लागेल का?'' मला सरळ 'नाही, द्या' असे म्हणायला हवे होते. मी त्याला कालव्हरीची गोष्ट सांगितली, की येशूने गंधरस मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही. दुःख प्रभूला अर्पण करावे, असे सांगून त्याला वाटेला लावले. त्या बाई पुढे पाच आठवडे जगल्या. त्यांचे कण्हणे शेजारच्या आळीत ऐकू येई. दफनाच्या दिवशी मुलाने माझे आभार मानले. ते आभार मला अजून टोचतात.

कारण मी सांगितले ती ख्रिस्तसभेची शिकवण नव्हतीच. परमगुरू बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी डॉक्टरांपुढेच स्पष्ट केले होते, की दुसरा उपाय नसेल आणि हेतू वेदना शमविण्याचा असेल, तर आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरी वेदनाशामक औषध देता येते. त्याच वर्षाच्या २४ नोव्हेंबरला त्यांनी सांगितले, की जीव राखण्यासाठी असाधारण साधने वापरलीच पाहिजेत असे बंधन नाही. व्हॅटिकनच्या १९८० सालच्या दयामरणविषयक घोषणेत तर कालव्हरीवरील त्या द्राक्षारसाचाच संदर्भ आहे. स्वेच्छेने वेदना स्वीकारणाऱ्याची थोरवी मान्य करून ती वीरवृत्ती सर्वांवर नियम म्हणून लादणे शहाणपणाचे नव्हे, असे तिथे म्हटले आहे. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ च्या 'जीवनाचे शुभवर्तमान' या परिपत्रात हीच शिकवण पुन्हा मांडली. मी हे सारे परीक्षेसाठी पाठ केले होते. ओटीवर कोणी रडत आले तेव्हा मात्र मला फक्त प्रवचन आठवले.

अँत्वानच्या सुईत आणि त्या बाईंना न मिळालेल्या सुईत औषध एकच आहे. एकीचा हेतू वेदना थांबविणे, दुसरीचा माणूस थांबविणे. मात्रा ठरविताना हा भेद डॉक्टरच्या हाताला कळतो : वेदना शमेल इतके, मग थोडे थांबणे, मग लागेल तसे आणखी. अँत्वान थांबण्यासाठी सुई भरत नाही. आमच्यापैकी पहिल्या चार विद्यार्थ्यांनी 'अनुकूल' म्हटले तेव्हा त्यांच्या मनात खरे म्हणजे पहिलीच सुई होती, हे बोलता बोलता उघड झाले. एकजण म्हणाला, ''फादर, आम्हांला वाटलं चर्चला दोन्ही नकोत.'' असे त्याला का वाटले, याचे उत्तर वर येऊन गेले आहे. अर्थात दोष एकट्या धर्मगुरूंचा नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने आपल्या देशात मॉर्फिन इतके दुर्मीळ केले, की डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या ते हाताळण्यास न शिकताच बाहेर पडल्या. २०१४ च्या दुरुस्तीनंतर वाट थोडी मोकळी झाली. ज्याला वेदना शमविण्याची विद्या शिकविलेलीच नाही, त्या तरुण डॉक्टरला वेदना आणि वेदनाग्रस्त दोन्ही एकदमच संपविण्याचा विचार दयेचा वाटला, तर त्यात नवल नाही.

थकव्याविषयी वर लिहिले ते पुन्हा हाती घेतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच अमानुष हल्ला झाला आणि ती जाणिवेच्या पलीकडे गेली. तिचे अन्न थांबवावे, अशी मागणी करणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. अर्ज करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांचा हेतू करुणेचाच होता. पण तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने मानले. आणि तिथले डॉक्टर व परिचारिका दयामरणाच्या विरोधात ठाम उभे होते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा अंत झाला तोवर चार दशके उलटून गेली होती. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत, याची नोंद निकालपत्रात आहे.

हाताने रुग्णाला स्पर्श करणारा माणूस त्याला मारायला धजत नाही, असा सोपा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह मला झाला होता. कादंबरी तो काढू देत नाही. तिबो बंधूंनीही बापाला हातांवर घेऊन न्हाऊ घातले आणि त्यानंतरच सुई भरली गेली. मग फरक कुठे? मला तो पाळीत दिसतो. के. ई. एम.मध्ये एका परिचारिकेची पाळी संपली की दुसरी येई. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी येई. तिबोंच्या घरात भाऊ दोनच. धर्मभगिनी शुश्रूषेला आहेत. पण मरणाऱ्यांजवळ बसण्याची ज्यांना सवय आहे अशा त्या स्त्रियांच्या मनात काय चालले आहे, हे लेखक आपल्याला कळू देत नाही. कादंबरीचे हे मोठे उणेपण होय. मार्तँ द्यु गारला पुरुषांचे वादविवाद ऐकू येतात. खोलीच्या कोपऱ्यात टॉवेल पिळणाऱ्या बाईचा अनुभव त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

अंत्यविधीनंतर क्रुईहून परतताना आगगाडीत अँत्वान व आबे वेकार यांचे दीर्घ संभाषण होते. पुष्कळ समीक्षकांना ते फार आवडते. मला ते नीरस वाटले. श्रद्धा आणि विज्ञान यांचे दोन वकील समोरासमोर बसले आहेत, एवढेच. ते पापनिवेदन होत नाही आणि मैत्रीही होत नाही. भयाच्या रात्री इतका जवळ आलेला धर्मगुरू गाडीत पुन्हा पुस्तकाआड गेला, असे वाटत राहते.

तिसरी शय्या अँत्वानची स्वतःची. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'उपसंहारा'त पहिले महायुद्ध संपत आले आहे. जाक १९१४ मध्येच मेला आहे. अँत्वानच्या फुप्फुसांत आघाडीवरचा विषारी वायू गेला आहे. आपण बरे होऊ, असे तो धरून चालतो. आणि एके दिवशी आपले जुने गुरू डॉ. फिलिप यांना भेटायला जातो. गुरू काही बोलत नाहीत, परंतु त्यांच्या डोळ्यांत अँत्वान आपले भवितव्य वाचतो. रुग्णांसमोर चेहरा कसा सांभाळावा हे ज्याने ज्याच्याकडून शिकले, त्याचाच चेहरा आज फितूर झाला. डॉक्टर रुग्ण होतो म्हणजे काय, हे या एका नजरेत जितके आहे तितके मोठमोठ्या ग्रंथांत नाही. पुढे दक्षिण फ्रान्समधील रुग्णालयात तो आपल्या आजाराची रोजनिशी लिहीत जातो. शस्त्रसंधीनंतर एका आठवड्याने, १८ नोव्हेंबर १९१८ रोजी, तो स्वतःच सुई टोचून घेतो. शेवटी त्याने लिहिलेले आहे ते जाकच्या लहान मुलाचे नाव.

बापाच्या मरणाला लेखकाने कित्येक पाने दिली. मुलाच्या मरणाला दोन-तीन ओळी. इथे तो वाचकाला थकवीत नाही. कदाचित म्हणूनच ही तिसरी सुई मला अधिक अस्वस्थ करते. तीविषयी ख्रिस्तसभा काय म्हणते ते वाचकांना माहीत आहे आणि मला त्यात काही वजा करायचे नाही. पण तान्ह्या मुलीसाठी ज्या माणसाला जिवाविषयीचा आदर आड आला, त्याला स्वतःच्या जिवासाठी तो आड येऊ नये, याचा अर्थ काय? त्या रुग्णालयात त्याच्या उशाशी घरचे कोणी नव्हते. पाळी कोणाचीच नव्हती.

या तीन प्रसंगांचे उतारे मी त्या सहाजणांना वाचायला दिले. दोन रविवार आम्ही बोललो. 'अनुकूल' म्हणणाऱ्यांपैकी दोघे आता 'माहीत नाही' म्हणतात. एकजण अजून ठाम आहे आणि त्याचे मुद्दे दुबळे नाहीत. त्या इंटर्न मुलीने मात्र जो आक्षेप घेतला तो मला कोणत्याही समीक्षेत आढळला नव्हता. ती म्हणाली, ''अँत्वान मुलगा म्हणून बसला असता तर चाललं असतं, किंवा डॉक्टर म्हणून उभा राहिला असता तरी चाललं असतं. दोन्ही एकाच माणसानं का करायचं? दुसऱ्या डॉक्टरला बोलवायला काय झालं होतं?'' मग तिने आपल्याकडील नियम समजावून सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने केवळ कृत्रिम उपचार थांबविण्याची मुभा दिली आहे, जीव घेणारी सुई आजही गुन्हाच आहे. २४ जानेवारी २०२३ रोजी कार्यपद्धती सोपी केली, तरी उपचार थांबविण्यापूर्वी डॉक्टरांच्या एका मंडळाने व नंतर दुसऱ्या मंडळाने तपासणे आवश्यकच ठेवले. तिला हे नियम कागदी वाटत नव्हते. अतिदक्षता विभागात रात्रपाळी केल्यामुळे असेल, निर्णय एकाच माणसाच्या खांद्यावर असू नये, याची गरज तिला ठाऊक होती.

न्यायालयाच्या भाषेत यालाही 'निष्क्रिय दयामरण' म्हणतात, ही मात्र खेदाची गोष्ट. निरर्थक ठरलेला उपचार थांबविणे याला ख्रिस्तसभा दयामरण म्हणत नाही. आणि अन्नपाणी तोडणे याला ती उपचार थांबविणे म्हणत नाही. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही कोंबल्यामुळे आपल्या कुटुंबांत विनाकारण घबराट होते. व्हेंटिलेटर काढायला संमती दिली म्हणून वर्षानुवर्षे पापनिवेदनाला तेच घेऊन येणारी माणसे मी पाहिली आहेत.

कादंबरीचा स्टुअर्ट गिल्बर्ट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद जुन्या ग्रंथालयांत मिळतो. पहिले भाग एका ग्रंथात आणि १९१४ पासूनचे दुसऱ्यात आहेत. सगळे वाचायला धीर नसेल त्यांनी चौथा, सहावा आणि शेवटचा एवढे तरी वाचावेत. माझ्याकडील पहिला ग्रंथ त्या इंटर्न मुलीने नेला आहे. तो ती रात्रपाळीत वाचते म्हणते. परत आल्यावर ज्यांना हवा असेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.